आवाज तस्साच

पहिल्याच ओळीला प्रीताच्या लक्षात आलं, की हातातला माइक मेलेला आहे.

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या त्या शाळेच्या सभागृहात आवाज मात्र दणकून घुमत होता. तिचाच. चोविसाव्या वर्षी लंडनच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, लखलखीत, धारदार. याच गाण्याने तिला इंग्लंडभर सोल संगीताची गायिका म्हणून ओळख दिली होती. आज ती एकसष्ट वर्षांची होती.

सकाळीच तिने इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला, विक्रमला, स्वच्छ सांगितलं होतं. नुसतं म्युझिक वाजवा, गाणार मी. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज खाली उतरलाय, खरखरतो, पण माझा आहे. चार वर्षांनी लोकांसमोर गातेय, तेवढ्यासाठी बर्मिंगहॅमहून विमानात बसले. विक्रमने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? गेल्या दिवाळीत एक पाहुणा गायक बेसूर झाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस कमिटीची धुलाई चालली होती. यंदा कुणालाच रिस्क नको होती.

तिने विंगेत पाहिलं. विक्रमने हाताची चिमूट उघडझाप करून दाखवली. ओठ हलवत राहा.

ती गात राहिली. मेलेल्या माइकमध्ये, पोटातून, मानेच्या शिरा तटतटेपर्यंत. पहिल्या रांगेपर्यंतही काही पोचलं नाही. चोवीस वर्षांची ती पोरगी तिला अख्खी गिळून बसली होती.

दुसऱ्या कडव्याला तिने तोंड मिटलं. माइक खाली नेला, पार मांडीपाशी, आणि ताठ उभी राहिली. कळू दे एकदा. चारशे माणसं आहेत, शिकलेली-सवरलेली, एकाला तरी डोळे असतील.

चारशे माणसांनी टाळ्यांचा ठेका धरला. मोबाइल वर गेले. गाणं तिच्याशिवाय शेवटपर्यंत गेलं. सात जन्मांत आता लागणार नव्हता तो वरचा सूरही लागला, आणि लोक उठून उभे राहिले.

खाली उतरल्यावर विक्रमनेच तिच्या खांद्यावर शाल घातली. "सॉरी हं प्रीताताई, कमिटीचं प्रेशर होतं. पण हिट झालं की नाही?"

ती काही बोलणार, तेवढ्यात एका बाईने सेल्फीसाठी मध्ये खांदा घुसवला. "आवाज अजून तस्साच आहे हो तुमचा. जराही बदललेला नाही."

प्रीताने कॅमेऱ्याकडे बघितलं.

मग स्टेजवरून जेवण सुरू झाल्याचं जाहीर झालं, आणि दोन मिनिटांत तिच्याजवळ चिटपाखरू उरलं नाही. शाल काखेत मारून तीही कॅफेटेरियातल्या रांगेत उभी राहिली. पुढे घोळका, मागे घोळका. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी.

भात वाढायला सुलेखाकाकू होत्या. सकाळपासून त्या पातेल्यांशी झुंजत होत्या. कार्यक्रम त्यांनी पाहिलाच नव्हता.

"थोडाच द्या," प्रीता म्हणाली.

काकूंचा डाव हवेतच थांबला. चेहरा कळवळला. "अगंबाई, घसा पार बसलाय तुमचा. अजिबात बोलू नका. हवं ते बोटाने दाखवा, मी वाढते."

प्रीताने भाताकडे बोट दाखवलं.