मेन स्विच बंद, तरीही

तीन महिने झाले, आमच्या घरात घरघर चालू आहे. लांब कुठेतरी ट्रक उभा करून कुणी मेला इंजिन बंद करायला विसरलाय, अशी. मला ऐकू येते, मुलीला ऐकू येते. नवरा मात्र म्हणतो, "तुम्हा दोघींचे कान वाजताहेत." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

शेवटी आज सकाळी मी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. ते दारातच थबकले.

"येतोय की आवाज!"

मला अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

काकांनी मेन स्विच बंद केला. घरघर चालूच. मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक वस्तूला लावायचं आणि मूठ कानाला, की आतला आवाज कळतो. फ्रिज झाला, भिंत झाली, नळ झाला. कुठेच काही नाही. शेवटी त्यांनी टोक जेवणाच्या टेबलावर टेकवलं.

"ताई, इथून येतोय."

"लाकडातून?" टेबलाशी पेपर वाचणारा नवरा हसला. "काका, तुम्हीसुद्धा?" पान उलटायला त्याने कोपर उचललं.

"गेला," काका म्हणाले.

त्याने कोपर पुन्हा टेकवलं.

"आला."

काकांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चपला हातात घेऊनच ते जिना उतरले.

"बघ, काही नव्हतंच," असं म्हणत नवऱ्याने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझे दात एकमेकांवर वाजू लागले.