पुटूची भाजी

शकुबाईनं देवाजीपुढे ताट ठेवलं आणि आज ती उठलीच नाही. समोर फतकल मारून बसली.

"आज समदी भाजी खा लागते. ताटात काई ठेवाचं नाई."

"तुह्यासाठी राहू दे थोडी."

"मले काय धाड भरली?"

उन्हाळ्यात पोटाच्या तक्रारीनं दोघांनीही दवाखान्यात तपासण्या करून घेतल्या होत्या. काय निघालं ते देवाजी एकटाच जाऊन विचारून आला. तिला ॲसिडिटी, त्याला कॅन्सर. ऑपरेशनची वेळही निघून गेलेली.

मग शेजारच्या क्वार्टरातल्या शेषरावांनी पेपरात वाचलेलं सांगितलं. जपानातले डॉक्टर म्हणे अळंबीतून कॅन्सरचं औषध काढून राहिले. झालं! रानातली अळंबी म्हणजे इकडचे पुटू. पावसाळा लागल्यापासून शकुबाई कारखान्याच्या कॉलनीतल्या सेक्टर सहामधून दर आठवड्याला अहिवाऱ्याच्या गावबाजाराला जाऊ लागली. पुटू मटणाहून महाग. स्वतःसाठी कधी बामची डबी न घेणारी ही बाई नवऱ्यासाठी भाव न विचारता घ्यायची.

देवाजी मात्र अर्धी भाजी ताटात ठेवून उठायचा. नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायचं, ही तिच्या माहेरची रीत. अन्न टाकवत नाही, म्हणून उरलेली भाजी तीच संपवायची.

तरी गुण दिसत होता. देवाजीच्या गालावर मांस चढलं होतं. धावपळीनं तीच वाळली होती, चोळी अंगात राहत नव्हती. पण नवरा सुधारत होता, आणखी काय हवं?

काल तिच्याकडून हे ऐकून शेषराव सहज बोलून गेले, "अर्ध्या औषधानं अर्धाच गुण येते, वहिनी."

इतके दिवस नवऱ्याचं औषध आपणच गिळलं! तिला स्वतःची किळस आली.

"खा," ती म्हणाली. "माह्या गळ्याची शप्पत हाय तुमाले."

देवाजी कडू काढा प्यावा तसा एकेक घास गिळू लागला. मध्येच थांबला.

"दोन घास तरी घे वो."

"एकबी नाई."

ताट लख्ख झालं. तिनं त्यातच वरणभात वाढून घेतला. कितीतरी दिवसांनी तिला घास गोड लागला.

देवाजी गुडघ्यात डोकं घालून रडत होता.

"कावून रडून राहिले? आता बरे होता तुमी."

"मले काईच झालं नाई, शकू," तो म्हणाला. "कॅन्सर तुले हाय."