पन्नास हिरवे दिवे

सर्किट बोर्ड तपासणारं यंत्र आलं, तेव्हा साहेब मला म्हणाले, "बाई, आता तुमच्या चष्म्याचं काम नाही. तुम्ही फक्त बोर्ड लावून द्यायचे."

पण यंत्र निघालं माझ्याहून खाष्ट. पन्नासातले तीस बोर्ड त्याने लाल दिवे दाखवून नापास केले आणि ते खरंच बिघडलेले होते. साहेबांनी बोर्डांना हात लावला नाही. यंत्राचेच निकष सैल केले.

आज पाहुण्यांसमोर त्यांनी ऐटीत बटण दाबलं. पन्नासच्या पन्नास दिवे हिरवे! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंत, बाई?" साहेबांची छाती फुगली. "काढा आता एखादी चूक."

"चूक कसली, साहेब," मी हातातलं खोकं पुढे केलं. "बोर्ड अजून यातच आहेत. लावू का आता?"