पडद्याची खोड

गेमिंगसाठी ओएलईडी मॉनिटर मिळावा म्हणून केदार तीन महिने झुरत होता. त्याच्या पडद्यावरचा काळा रंग म्हणजे काजळाहून काळा, उजेड म्हणजे कोजागिरीचं चांदणं! पण आईचा होकार काही मिळेना. शेवटी, आईपासून लपवायचं तरी काय, म्हणून पोळ्या लाटणाऱ्या आईला त्याने मॉनिटरची खोडही सांगून टाकली.

"त्याच्यावर एकच चित्र फार वेळ ठेवलं तर डाग पडतो गं. दर तीन-चार तासांनी बंद करून विश्रांती द्यावी लागते."

"म्हणजे तू जेवायला उठशील?"

"उठावंच लागेल."

लाटणं थांबलं. आईने हॉलकडे पाहिलं. बाबा सकाळपासून टीव्हीवर एकच बातम्यांचं चॅनेल लावून बसले होते.

"मग दोन आण," ती म्हणाली.