दुपारची गोळी

"किती महिने देताय ही गोळी?" नव्या डॉक्टरीणबाईंनी स्ट्रिप उलटसुलट करत विचारलं.

"आठ. रोज दुपारी एक," शिंपी म्हणाला. "घेतली की दहा मिनिटांत आई ढाराढूर. हलतसुद्धा नाही."

"आता झोपत नसतील त्या. शरीराला सवय झाली की हिची गुंगी येईनाशी होते. पण एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू. आणि त्यांनाच विचारा, खरंच झोप लागते का."

शिंप्याने मान डोलावली. बाई नवीन आहेत, त्यांना काय ठाऊक! पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो मध्येच थांबला.

एकुलती एक खोली. इकडे आईची खाट, तिकडे त्याची शिलाई मशीन. वडील गेल्यापासून दुपार झाली की आईला धडधडायचं. दार वाजतंय म्हणायची, दहादा उठून कडी काढायची. गोळी सुरू झाली आणि घर शांत झालं. मग तो मशीन चालवता चालवता फोन स्पीकरवर टाकून बहिणीशी बोलायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात. याच्या जिभेला लगामही नव्हता. "ही आहे तोवर माझं काही खरं नाही." "हिच्यापायी मला कुणी मुलगी देईना." आणि परवा तर कहरच. "एकदाच चार गोळ्या द्याव्यात बघ. तीही सुटेल, मीही सुटेन."

"अरे, हळू! ऐकेल ना ती," बहीण म्हणाली होती.

"छे गं! कानाशी ढोल वाजव, उठायची नाही."

घरापर्यंत एकेक वाक्य त्याच्या मागे लागलं. किती दुपारी ती जागी होती? एखादी? सगळ्या? देवा, निदान परवाची तरी नको!

आई खाटेवर वाट बघत बसली होती. त्याला पाहताच तिने रोजच्यासारखा तळहात पुढे केला. त्याने गोळी ठेवली. एक आहे की चार, तेही तिने पाहिलं नाही. तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायली आणि आडवी झाली.

"आई," त्याने विचारलं, "दुपारी झोप लागते ना गं तुला?"

"लागते की," भिंतीकडे कूस वळवत ती म्हणाली. "तुझं बोलून झालं की लागते."