टू जे एक्स

"या गावातून आज पहिल्यांदाच आवाज आकाशात जातोय," नव्या रेडिओ केंद्राच्या उद्घाटनाला साहेब माइकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्यांदाच म्हणे. वीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी माळ्यावर प्रायोगिक केंद्र उभं केलं होतं, त्याची तार परसातल्या चिंचेला बांधली होती. हे साहेब तेव्हा माझ्या हातचे पोहे खाऊन तिथंच तारांना डाख द्यायला शिकले. सरकारनं परवान्याबरोबर केंद्राला सांकेतिक नाव दिलं होतं, टू जे एक्स. ते दर पाव तासानं सांगायचं असा नियम होता. माइकसमोर ह्यांची बोबडी वळायची, म्हणून मीच सांगायचे आणि पुढं विचारायचे, "ऐकू येतंय का?" ज्यांच्या घरी रेडिओ होता, ते दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना फाटकापाशी थांबून ओरडायचे, "ऐकू आलं, वहिनी." तेवढीच आमची पोचपावती. हे गेले आणि केंद्र बंद पडलं.

मी उठले. "काकू, बसा खाली," शेजारचा कुजबुजला. मी सरळ साहेबांच्या माइकपाशी गेले आणि पूर्वीसारखंच म्हणाले, "हे टू जे एक्स. ऐकू येतंय का?"

साहेबांनी माइकवर हात ठेवला, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी एक सायकल थांबली. मी कपबशी तशीच ठेवून बाहेर धावले.

"ऐकू आलं, वहिनी."