तिसरी घागर

"आधार कार्ड लागते, बाबा. पोलिसांचा नियम आहे," काउंटरमागून योगिनी म्हणाली.

म्हाताऱ्याने सगळे खिसे दोनदोनदा चाचपले. ज्या खिशात कार्ड होतं, तो मात्र सोडून.

"राहू दे वं," म्हणत मालकीण वच्छलाबाई आतून आली. "तीर्थाच्या धारेवर न्हायले आलेला माणूस. नाव लिहून घे, झालं."

तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि किल्ली पुढे केली. त्याने रजिस्टरमध्ये मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं: महादेवराव, साखरखेर्डा.

खोली मागची मिळाली, लोणारच्या विवराकडे तोंड असलेली. दार ढकलून तो उंबऱ्यातच थांबला. ही त्याच्या वडिलांची खोली. भिंतीतला कोनाडा तोच, खिडकीतून येणारा तळ्याचा खारा, कुजकट वासही तोच. बावीस वर्षांपूर्वी याच घरातून तो चिखलीला निघाला होता. चार खोल्या भाड्याने द्यायचं ठरलं होतं, त्यासाठी गाद्या आणायच्या होत्या. गाद्या त्याने पाहिल्याही. मग स्टँडवर सुरतेची गाडी लागलेली दिसली आणि तो तिच्यात जाऊन बसला. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. सुरतेला दुसरं बिऱ्हाड झालं, तेही मोडलं. आता अंगभर खाजेचे चट्टे, तोंडात चार दात, छातीपर्यंत दाढी. इथल्या स्टँडवरच्या जुन्या पानवाल्यानेही त्याला ओळखलं नव्हतं.

पण फाटकावरची पाटी त्याने दोनदा वाचली होती. हिंमतराव यात्री निवास. त्याचंच नाव. आणि वच्छलेच्या कपाळावर अजून रुपयाएवढं कुंकू.

तिने वाट पाहिली होती. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

तोंड उघडेना. सकाळी धारेवर जाऊन यायचं, दुपारी पडून राहायचं, असे दिवस जाऊ लागले. आपल्याच घरात तो भुतासारखा वावरत होता. जिन्याची तिसरी पायरी पूर्वीपासून हलायची. त्याचा पाय आपोआप दुसरीवरून चौथीवर गेला. खाली वच्छला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पंगतीत सगळ्यांना वांग्याची भाजी होती, त्याच्या ताटात बटाट्याची.

"खाजेवाल्याले वांगं चालत नाही," ती म्हणाली. लहानपणापासून त्याला वांगं चालत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती फोनवर कुणाला तरी दटावत होती. "दीपक, तुले सांगितलं ना, अखाजीलेच ये. आधी नको. पाटीचंच काम आहे, काऊन घाई करून राह्यला?"

एका दुपारी त्याला झोपेत वडिलांचा खोकला ऐकू आला. मग हाक. "हिंमत्या, आला का बे?" तो घामाघूम होऊन उठला. पलीकडच्या खोलीतला पाहुणा खोकत होता. पण हाक? ती कुणी मारली?

संध्याकाळी त्याने योगिनीला धीर करून विचारलं, "मालक दिसत नाहीत?"

ती हसली. "बाहेरगावी गेले म्हणते आई. मी दोन वर्षांची होते तवापासून बाहेरगावीच आहेत. लय मोठं गाव दिसते ते!"

"तू वाट पाह्यते का त्याची?"

"मी काऊन पाहू, बाबा? मले त्यांचं तोंडबी आठवत नाही. आईचं तिले माहीत."

ते 'बाबा' मनात घोळवत तो जिना चढला. अखाजीला, अक्षय्य तृतीयेलाच सांगायचं, त्याने ठरवलं. सणाच्या दिवशी कुणी कुणाला हाकलत नाही.

अखाजीच्या आदल्या दिवशी वच्छलाच त्याच्या दाराशी आली.

"महादेवराव, उद्या आमच्याकडे पितर म्हणून जेवाले बसान का? मेलेल्याच्या नावानं जेवाचं असते. घरच्या माणसाले बसता येत नाही. परकाच लागते."

"बसतो," तो म्हणाला. वडिलांचं जेवण. त्यांच्या शेवटच्या दिवसांत तो नव्हता. निदान त्यांच्या नावचा घास तरी खाऊ.

सकाळी तिने त्याला पाटावर बसवलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया, वडे. समोर पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरी, प्रत्येकीवर एकेक डांगर, म्हणजे खरबूज. एक सासऱ्यांची, एक सासूबाईंची. त्याने पुन्हा पाहिलं. घागरी तीन होत्या.

"ही तिसरी?"

"यंदा एक वाढली."

वच्छलाने पदर कपाळावर पार भुवयांपर्यंत ओढला होता. ती आग्रह करकरून वाढत होती. आमरस दोनदा, तूप तीनदा. बावीस वर्षांत त्याला असं कुणी वाढलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"वच्छलाबाई, मले एक सांगायचं..."

"पितर बोलत नसते. जेवा."

तो जेवला. तिने हातावर पाणी घातलं, विडा दिला आणि वाकून नमस्कार केला. मग ती तिसरी घागर उचलून त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन निघा. मागं वळून पाहू नका."

"माझी पिशवी वरती..."

"योगिनीनं फाटकापाशी ठेवली."

रीत असेल, त्याला वाटलं. बाहेरच्या लिंबाखाली घागर ठेवायची, परत यायचं आणि सगळं सांगून टाकायचं. छातीशी घागर धरून तो अंगण ओलांडून गेला. पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडत होतं. फाटकाबाहेर पिशवीजवळ येताच त्याने मागे वळून पाहिलंच.

दीपक पेंटर शिडीवरून उतरत होता. पाटीवरचं 'हिंमतराव' तसंच होतं, जुनं, पुसट. त्याच्या आधी मात्र एक नवं, ओलं, ठसठशीत अक्षर होतं. कै.